डिगंबरकाकांचा गोरिला

लहानपणी आमच्या घरात केळी मोप असायची, कारण दुसरं काहीच नसायचं. आई-बाबा शाहपुरात डिगंबरकाकांच्या बागेत मजुरीने घड वाहायचे. डागी केळी संध्याकाळी घरी यायची. जेवण केळ्याचं, उपासही केळ्याचा. याला आता पौष्टिक आहार म्हणतात म्हणे.

काकांना एक खोड होती. कुणाच्याही शेतात जनावर दिसलं की मोटारसायकल रस्त्यातच सोडून "हाऽऽड" करत धावायचे. सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात केस. पण त्याच्या बागेत रोही, म्हणजे नीलगाय, शिरली की तिला हाकलायला हेच पुढे. विचारलं तर म्हणायचे, "भांडण भावाशी आहे बे, केळीशी नाही."

दुसरं वेड गोरिलाचं. टीव्हीवर पाहिल्यापासून एकच धोशा, "माणसासारखा पाहून राहतो तो. एकदा त्याच्या डोळ्यात डोळे घालून पाहायचंय."

काकू म्हणायच्या, "आरसा आहे ना घरात."

मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, तोही इंग्रजी घेऊन. काकांनी बाबांना हुकूम सोडला, "पोराचा पासपोर्ट काढ. मला दुभाष्या पाहिजे."

असे आम्ही युगांडात पोचलो. डोंगरामागे डोंगर, त्यांवर किर्र जंगल, झाडांत अडकलेले ढग. सहलीतले लोक भारावून गप्प झाले. काका म्हणाले, "एवढ्या उतारावर केळी लावतात? पाणी थांबतं कुठं?"

वाटाड्याने नियम सांगितले. मी मराठीत केले: ओरडायचं नाही, धावायचं नाही, हातवारे नाहीत.

"मी काय लहान पोरगा आहे?" काका चिडले.

काकांच्या गुडघ्यांसकट दुपारपर्यंत चढलो. गोरिला काही दिसला नाही. उतरताना, जंगल संपून केळीची बाग लागते तिथे, वाटाड्याने हळूच हात वर केला.

समोर तो बसला होता. एवढं धूड, पाठ चांदीसारखी, केळीचं खोड फाडून गाभा खात. तो मान वळवणारच होता. काका सगळ्यांत पुढे. पण बांधावर बागेची मालकीण कपाळाला हात लावून उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग नुकताच घड फुटलेल्या, आडव्या पडलेल्या केळीकडे.

"हाऽऽड! निसवलेली केळ खातो, मुडद्या!" म्हणत ते काठी आपटत निघाले.

गोरिलाने असली भाषा बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी. उठला आणि जंगलात चालता झाला.

वाटाड्या खवळला. सहलीतल्या लोकांनी अबोला धरला. ती बाई मात्र हसत आली, तिच्या भाषेत भडाभडा बोलली. काका म्हणाले, "हो ना बाई, आमच्याकडं रोही बी असंच करते." दोघं बराच वेळ बोलले. दुभाष्याला कुणी विचारलं नाही.

परतीच्या विमानात मी डिवचलं, "काका, डोळ्यात पाहायचं होतं ना?"

ते म्हणाले, "होतं बे. पण तिचं सालभराचं पीक होतं ना त्याच्या तोंडात."

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. खांदा द्यायला पहिला आला तो कोर्टातला भाऊ.

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, पहिला पासपोर्ट माझा, आणि रानातला गोरिला पाहणारा पहिला माणूसही मीच. पाहिला तो पाठमोरा.