गयावहिनीनं निवडलेली फ्रेम

माझी गयावहिनी कुठंही खुर्ची दिसली की आधी बसते. त्या गुरुवारी आदिलाबादच्या चष्म्याच्या दुकानातही बसलीच, आणि फ्रेम बघायचं काम माझ्यावर नि तिच्या लेकीवर, सपनावर टाकून तिनं डोळे मिटले. पहाटे उठून घरभराच्या भाकरी, मग शेतात डबा, मग भीमपूरहून ऑटोत कोंबून इथवर. वय चव्वेचाळीस, थकवा मात्र साठीतल्या बाईचा. आमच्या घरानं तिला वापरलंच तसं. हे मी त्याच घरची मुलगी म्हणून सांगते. मला गावातच दिलंय, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडलं.

सपनाला पाहायला रविवारी मुधोळचे पाहुणे येणार होते. तिचा चष्मा मधोमध मोडलेला, दोऱ्यानं बांधलेला. माझ्या आईचा, लक्ष्मीबाईंचा, हुकूम होता की फ्रेम रिमलेस घ्या, नाकावर आहे की नाही कळूसुद्धा नये. आणि पाहुण्यांसमोर तोही काढून ठेवायचा.

दुकानदार हिंदीत समजावून दमला होता. "नंबर ज्यादा है. काच किनारे से मोटी आएगी, रिमलेस में सब दिखेगा. ये देखिए." त्यानं काळी, जाड काठाची, लहानशी फ्रेम पुढं सरकवली.

सपनानं ती लावली, आरशाकडे वाकली आणि वैतागली. फ्रेममध्ये नुसती साधी काच. तिला स्वतःचं तोंड धुरकट दिसत होतं. ज्याला चष्म्याची खरी गरज, त्यालाच तो निवडता येत नाही, दुसऱ्यानं सांगावं लागतं.

"आत्या, कशी दिसून राह्यली मी?"

चांगली दिसत होती. कॉलेजातली मॅडम वाटत होती. पण मला आईचं तोंड आठवलं नि मी म्हटलं, "आजीले चालणार नाई." तिनं मुकाट काढून ठेवली.

तेव्हा वहिनीनं डोळे उघडले. "मले पाहाले आले त्या दिवशी माह्या मायनं माहा चष्मा काढून पेटीत ठेवला व्हता," ती सपनाला म्हणाली. "तुहे बाबा समोर बसले व्हते. पांढरा सदरा तेवढा दिसला. मी हो म्हटलं."

पुढचं मला माहीत होतं. लग्नानंतर आठ दिवस ती आमच्या घरात बिनचष्म्याची वावरली. आवाजावरून माणसं ओळखायची. एकदा सासरा समजून सालगड्याच्याच पाया पडली. सून फार गरीब स्वभावाची आहे म्हणून आई खूश. आठव्या दिवशी तिच्या पेटीत, ब्लाउजपिसात गुंडाळलेला चष्मा मला सापडला. मी सोळा वर्षांची, तोंडाळ. अंगणात उभी राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले. 'फसवलं' हा शब्द त्या दिवशी घरात आला तो चोवीस वर्षं हललाच नाही. भाकर करपली तरी फसवलं, मुलगी झाली तरी फसवलं. मला त्याची आजही लाज वाटते. वहिनीनं त्यावरून मला कधी एक शब्द सुनावला नाही, हे त्याहून जड जातं.

"चष्मा लावला तवा तुह्या बाबाले पहिल्यांदा पाह्यलं," वहिनी म्हणाली. "आठव्या दिवशी."

"कसे व्हते?" सपनानं विचारलं.

"ओरडून राह्यले व्हते."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, काळी फ्रेम उचलली आणि दुकानदाराला म्हणाली, "यही दो. शनिवार तक होना."

रविवारी सपनाच्या नाकावर ती फ्रेम पाहून आई स्वयंपाकघरात फणफणत आली. "हे काय लावून राह्यली? काढ."

"राहू द्या," वहिनी पोह्यांच्या बशा भरत म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला तेवढं त्राणही नव्हतं. पण सपनानं चष्मा काढला नाही.

पाहुण्यांनी नंबर विचारलाच. "मायनस सहा," वहिनीनं सांगितलं. "माहा नऊ हाय." मुलाच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. चहा झाला, कळवतो म्हणाले, गेले.

बुधवार उलटला तरी फोन आला नाही. आई ओसरीवर बसून चष्म्याला शिव्या घालत होती, मधूनमधून मला. मागच्या मोरीवर वहिनी भांडी घासत होती, सपना विसळत होती, मी शेजारी उभी होते.

"पोरगा नीट पाह्यला ना तुनं?" वहिनीनं विचारलं.

"पाह्यला. काही इचारलं का आधी आपल्या मायकडं पाहे, मंग बोले."

"मंग झालं," वहिनी म्हणाली. आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं उरलेली भांडी माझ्याकडे सरकवली. "ताई, एवढी तुमी घासा."

मी पदर खोचून बसले.