सोमवारचं वजन

मोठ्या सिस्टर वॉर्डात आल्या की चादरींच्या सुरकुत्या आपोआप सरळ होतात, असं शिकाऊ मुली म्हणायच्या. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण जिन्यात त्यांची चाहूल लागली की त्याच मुली धावत जाऊन चादरी ओढायच्या. तिसऱ्या मजल्यावरचा बत्तीस खाटांचा तो वॉर्ड सिस्टरांनी अकरा वर्षं सांभाळला. त्यांच्या हाताखाली औषध चुकलं नाही, वेळ चुकली नाही, आणि त्यांची बोलणी खायची कुणी राहिलं असंही झालं नाही.

आता नर्सबायांचं खाणं हा काय प्रकार असतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. दिवसभर पेशंटला "वेळेवर जेवा, मीठ कमी करा, तळलेलं बंद" असं बजावणाऱ्या बाया दुपारी तीन वाजता ड्रेसिंगच्या ट्रॉलीआड उभ्या राहून चहात बिस्किटं बुडवत असतात. घरून आणलेला डबा न उघडताच घरी परत जातो. घरी पोहोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात, मग समोर येईल ते पोटात जातं. त्यात बरे होऊन घरी जाणारे पेशंट केकचे नाहीतर चॉकलेटचे डबे ठेवून जातात. आभार मानायची दुसरी रीत लोकांना सुचतच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

सिस्टरही त्यातल्याच होत्या. पण गुडघ्यानं एकदा चांगलाच इंगा दाखवला, जिना चढता येईना, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं आणि वर्षभरात चौदा किलो उतरवून दाखवले. इथवर सगळं उत्तम. पंचाईत पुढे झाली. स्वतःला एखादी गोष्ट जमली की ती न जमणारा माणूस आपल्याला आळशी वाटायला लागतो. सिस्टरांना अख्खा वॉर्डच आळशी दिसायला लागला.

त्यांनी नियम काढले. प्रत्येकीनं पाळीपाळीनं वीस मिनिटं बसून जेवायचं, तोवर तिच्या खाटा सिस्टर स्वतः बघणार. डब्यात निम्म्या भाज्या, एक उकडलेलं अंडं नाहीतर डाळ. पाण्याची लिटरभराची बाटली ड्युटी संपेपर्यंत दोनदा रिकामी झाली पाहिजे. पेशंटनी दिलेले केक थेट खालच्या मजल्यावर, लेखनिकांच्या खोलीत; तिथले लोक जाड झाले तर सिस्टरांची ना नव्हती. आणि दर सोमवारी सकाळी, रात्रपाळीकडून पेशंटांची माहिती घेऊन झाली की सगळ्यांनी पेशंटांच्याच वजनकाट्यावर उभं राहायचं. आकडे औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर जायचे. खरं सांगायचं तर त्या वॉर्डातल्या बायका आयुष्यात पहिल्यांदा ड्युटीवर बसून जेवल्या. पुढे जे झालं त्यात हे विसरून चालणार नाही.

सगळ्या हळूहळू उतरायला लागल्या. राहिली ती चिमणी.

चिमणी हे काही तिचं नाव नव्हे. ट्रेनिंगच्या दिवसांत सारखी चिवचिव करायची म्हणून पडलेलं ते टोपणनाव, आणि ते पाडलं होतं सिस्टरांनीच. तेव्हा दोघी होस्टेलात एका खोलीत राहायच्या, एका आरशात वेण्या घालायच्या, परीक्षेच्या दिवसांत एकीनं वाचायचं आणि दुसरीनं डोळे मिटून ऐकायचं. पुढे एक मोठी सिस्टर झाली, दुसरी साधी नर्सच राहिली, आणि त्याचं दुसरीला काहीच वाटलं नाही. मोठ्या सिस्टरांना "अगं ए" म्हणणारी अख्ख्या हॉस्पिटलात ती एकटी. वजन मात्र शहाऐंशी किलो. काट्यावर उभी राहिली की म्हणायची, "चपला काढू का? त्या फार जड आहेत गं."

सात आठवडे तिचा आकडा जागचा हलला नाही. आठव्या सोमवारी सिस्टरांचा पारा चढला. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "पेशंटला उचलायला दोन माणसं लागतात. उद्या तू पडलीस तर क्रेन मागवावी लागेल." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मुली हसल्या. चिमणीही हसली, पण त्या दिवशी ती फारशी बोलली नाही.

त्यानंतर कधीतरी तिचं वजन उतरायला लागलं. आधी दोन किलो, मग तीन. पाण्याची बाटली दोनदा संपायची ती चारदा, पाचदा संपायला लागली. बाथरूमच्या इतक्या खेपा व्हायच्या, की मुली म्हणायच्या, "ताई, खुर्ची तिकडेच टाकू का?" तिचा युनिफॉर्म खांद्यावरून ओघळायला लागला. सिस्टरांना कोण आनंद! तिला त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. दुसऱ्या वॉर्डातल्या बायकांना बोलावून दाखवलं, "बघा. याला म्हणतात मनावर घेणं." चिमणी त्यांच्याकडे अशी बघायची, की जणू शाळेत पहिल्यांदाच तिला कुणीतरी पुढच्या बाकावर बसवलंय.

एका गुरुवारी दुपारी ती औषधं मोजणाऱ्या सिस्टरांपाशी येऊन उभी राहिली. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे.

"अगं, जरा शुगर बघू का गं माझी? पायात बळच नाही. तहान तर अशी लागते..."

"पाणी जास्त प्यायला सांगितलंय, म्हणून पितेस. खाणं कमी केलंय, म्हणून बळ नाही. मला नव्हतं का झालं असं?"

"एकच पट्टी लागेल."

"पट्ट्या पेशंटच्या नावावर येतात, तुझ्या नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि गोड सोडल्यावर शुगर वाढेल कशी? आता कुठे जमायला लागलंय तर निमित्तं शोधू नकोस."

चिमणी "बरं" म्हणाली आणि सात नंबरच्या पेशंटची लघवीची पिशवी बदलायला गेली. तिनं मनात आणलं असतं तर गुपचूप पट्टी घेतली असती. कपाटाची चावी तिच्याकडेही असायची. पण पस्तीस वर्षं जिच्या शब्दावर विश्वास ठेवला, तिनं नाही म्हटल्यावर ती कशाला घेते!

पुढच्या सोमवारी काट्यानं एकाहत्तर दाखवले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आकडा लिहायला वाकलेल्या सिस्टरांना चिमणीच्या श्वासाचा वास आला. गोडसर, फार पिकलेल्या फळासारखा.

"फळं हाणून आलीस वाटतं सकाळी सकाळी?"

"नाही गं. सकाळपासून पोटात काही नाही. मळमळतंय."

"माझ्या नाकाला फसवतेस होय?"

"शप्पथ नाही."

"वजन उतरलंय म्हणून सोडते," सिस्टर हसत म्हणाल्या आणि त्यांनी कपाट लावून घेतलं.

बुधवारी चिमणी कामावर आलीच नाही. दुपारी तिला बेशुद्धावस्थेत खाली अपघात विभागात आणल्याचा फोन आला. सिस्टर धावत पोहोचल्या तेव्हा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला डॉक्टर तिच्या तोंडाशी वाकला होता. रिपोर्ट यायचे होते. त्यानं नाकानं एकदा श्वास ओढला आणि ओरडला, "शुगर! फार वाढलीय, वासच सांगतोय. सलाइन लावा, इन्सुलिन आणा, लवकर!"

हा वास शिकाऊ मुलींना दर वर्षी कोण शिकवायचं? मोठ्या सिस्टरच. तहान, लघवी, झपाट्यानं उतरणारं वजन आणि तोंडाला पिकल्या फळाचा वास: ही चार लक्षणं त्या बोटांवर मोजून पाठ करून घ्यायच्या. बत्तीस खाटांपैकी कुठल्याही खाटेवरच्या माणसाचं वजन दोन महिन्यांत पंधरा किलो उतरलं असतं, तर त्यांनी डॉक्टरला झोपू दिलं नसतं. पण तो कागद कपाटाच्या दाराला होता, खाटेच्या पायथ्याशी नव्हता. त्यावर तर टाळ्या वाजल्या होत्या.

चिमणी तिसऱ्या दिवशी गेली. शुद्धीवर आलीच नाही.

आठवड्यानं सिस्टर तिच्या घरी गेल्या. तिचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचे. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर उपड्या घातलेल्या दोन बश्या, दाराशी तिच्या पांढऱ्या चपला. सांगायचं हे ठरवूनच त्या गेल्या होत्या. सगळं, पट्टीचं, वासाचं, सगळं. पण त्यांनी तोंड उघडण्याआधी तेच बोलायला लागले.

"एक सांगा सिस्टर. नर्स होती ना ती? दुसऱ्यांची शुगर बघण्यात आयुष्य गेलं. स्वतःची एकदा बघता येऊ नये? मला म्हणायची, डाएट चाललंय. मी चष्मेवाला माणूस, मला काय कळतंय? तिला कळायला नको? इतका हलगर्जीपणा?"

ते रडत नव्हते, चिडले होते. सिस्टरांच्या ओठांवर वाक्य आलं होतं. नोकरी, अब्रू, इतक्या वर्षांचा दरारा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि त्या म्हणाल्या, "आमच्यात कुणीच स्वतःकडे बघत नाही हो."

वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं वाईट होतं. यजमानांनी मान हलवली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. सिस्टर चहा पिऊन, मूग गिळून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरचा कागद फाडला. वजनं थांबली, बसून जेवणंही थांबली. कुणी विचारलं नाही. हॉस्पिटलभर चिमणीची गोष्ट एकच झाली: बिचारी, स्वतः नर्स असून कळलं नाही तिला. सिस्टरांच्या समोर लोक हे म्हणायचे आणि सिस्टर गप्प राहायच्या. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. गप्प राहायचीही सवय लागते, आणि एकदा लागली की ती सुटत नाही. अडीच वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्यांच्या काटेकोरपणाची स्तुती केली. त्यांना ती ऐकवेना.

निवृत्तीनंतर वजन परत चढलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. लेक कधी म्हणायची, "आई, तू इतरांना किती शिस्तीत ठेवायचीस, आता स्वतःकडे बघ ना." त्यावर त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. पश्चात्ताप पश्चात्ताप म्हणतात तो काय असतो, ते त्यांना साध्या साध्या गोष्टींतून कळलं: कुणी पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला की, बाजारात पिकलेल्या फळांच्या गाडीजवळून जावं लागलं की. तिकडून जायचं त्यांनी सोडलं होतं.

चिमणी गेल्याला सहा वर्षं झाली आणि सिस्टरांचा चष्मा मोडला. जवळचं दुकान बंद होतं. रिक्षावाल्यानं नेलं त्या दुकानात काचेच्या यंत्रामागे चिमणीचे यजमान बसलेले. केस पांढरे झालेले. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, चष्मा हातात घेतला. पुढे एक तरुण नर्स होती, युनिफॉर्मवरच आलेली, हातात बिस्किटाचा अर्धा पुडा.

"हे जेवण का तुमचं?" यजमान तिला म्हणाले. "माझी बायकोही नर्स होती. स्वतःची शुगर एकदा तपासली नाही तिनं. आळस! दुसरं काही नाही. बेपर्वाईनं गेली. तुम्ही तसं करू नका."

मुलगी कसनुसं हसून चष्मा घेऊन गेली. यजमान सिस्टरांकडे वळले. "येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगतो मी. एखादी तरी शहाणी होईल."

सिस्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळलं.

"तिनं विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शुगर बघू का म्हणून. मला विचारलं होतं. गुरुवारी. मी नको म्हटलं. निमित्तं शोधतेस म्हटलं. सोमवारी तिच्या तोंडाला वास आला, तोही मला आला होता. मी म्हटलं, फळं खाऊन आलीस." "तिची काही चूक नव्हती. माझी होती. तुमच्या घरी तेच सांगायला आले होते मी. नाही सांगितलं."

यजमानांनी यंत्र बंद केलं. हातातला मोडका चष्मा बाजूला ठेवला.

"म्हणजे तिला कळलं होतं."

"कळलं होतं."

"सहा वर्षं मी भांडतोय तिच्याशी," ते म्हणाले. "रोज. घरात तिचा फोटोसुद्धा लावला नाही मी, रागानं. कुणी तिचं चांगलं बोललं तर त्याला थांबवायचो. आणि तुम्हाला माहीत होतं."

सिस्टरांना माफी मागायची होती, पण कशाकशाची मागणार!

"चष्मा परवा मिळेल," यजमान म्हणाले. "मुलीला पाठवा. तुम्ही येऊ नका."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि सिस्टर बाहेर पडेपर्यंत ते धरून उभे राहिले.