टाळ्या थांबेपर्यंत पडदा

माझी आत्या नाट्यगृहात पडदा ओढते. तिथे यंत्र नाही. जाड दोर, भला मोठा मखमली पडदा आणि आत्या. नाटक नटांच्या जिवावर चालतं असं कुणी म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "मी पडदा उघडलाच नाही, तर कुणाला दिसणार आहेत ते?" नम्रपणा तिच्या वाट्याला आला नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

छपराच्या दुरुस्तीसाठी नाट्यगृह काही महिने बंद पडलं. आत्या घरी बसून टीव्ही बघायची आणि शेजाऱ्यांच्या भांडणांत निवाडे द्यायची. मी व्यायामशाळेत शिकवते, म्हणून राहवलं नाही. "आत्या, निदान जिने तरी चढत जा." तिने दंड फुगवून दाखवला. "हे काय लोणी आहे वितळायला?"

दुरुस्ती संपल्यावर तालीम लागली आणि तिने मला मुद्दाम बघायला नेलं. पहिल्या झटक्यात पडदा सरसर वर गेला. आत्याने ऐटीत माझ्याकडे पाहिलं. पण तिचं खरं काम असतं शेवटी. नट वाकून नमस्कार करतात, पडदा पडतो, टाळ्या थांबत नाहीत, म्हणून तो पुन्हा वर घ्यायचा, पुन्हा सोडायचा. मधे जेमतेम श्वास घेण्यापुरती उसंत. दुसऱ्यांदा ती धापा टाकू लागली. तिसऱ्यांदा पडदा गुडघ्याएवढा वर जाऊन अडकला आणि रंगमंचावर नुसते पायच पाय दिसले. कुणीतरी फिसकन हसलं.

"ताई," व्यवस्थापक हळूच म्हणाले, "महिन्यावर प्रयोग आलाय. तेव्हा असं झालं तर दोर दारवानाकडे द्यावा लागेल. तुम्ही तिकीट खिडकीवर बसा."

घरी येताना आत्या म्हणाली, "म्हातारी झाले गं मी." मला इतका राग आला!

"म्हातारी नाही, आळशी झालीस," मी म्हटलं. "ताकद आहे, म्हणूनच पहिल्यांदा पडदा गेला. गेलाय तो दम. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भट्ट्या असतात, मायटोकाँड्रिया. काम थांबलं की शरीर त्या कमी करतं, उगाच कोण पोसणार? पण इतकी वर्षं राबलेला स्नायू सगळंच विसरत नाही. कामाच्या दिवसांत त्याच्यात पेशीचा कारभार बघणारी जी जादा केंद्रकं तयार होतात, ती बराच काळ टिकतात असं अभ्यासकांना वाटतं. नवख्यापेक्षा तू लवकर सावरशील."

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब सकाळभर रमतगमत फिरून आल्या आणि वर माझ्याकडून शाबासकी मागू लागल्या. मी कपाळाला हात लावला. पडदा काय रमतगमत वर जातो? मी तिला इमारतीच्या जिन्याला जुंपलं. जीव खाऊन वर पळायचं, थोडं थांबायचं, श्वास पुरता जागेवर यायच्या आत पुन्हा पळायचं. मधला एखादा दिवस पूर्ण विश्रांती. शेजाऱ्यांना वाटलं, हिच्या मागे कुणी लागलंय. पहिला आठवडा तिने मला शिव्याच घातल्या. नंतर जिन्यात तीच मला मागे टाकू लागली, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

प्रयोगाच्या दुपारी दारवान हातमोजे घालून विंगेत तयारच उभा होता. मी आत्याच्या मागे. नाटक संपलं, नट वाकले, पडदा पडला. टाळ्या. वर. टाळ्या. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले. दोर करकरला आणि प्रेक्षकांचा गलका एकदम मोठा झाला. डोळे उघडले तर पडदा थेट वर, आणि आत्या पुढच्या खेपेसाठी पाय रोवून उभी. चौथ्यांदा, पाचव्यांदा. ती घामाने निथळत होती, पण श्वास तिच्या ताब्यात होता. दारवानाने हातमोजे काढून खिशात घातले.

व्यवस्थापक धावत आले. "ताई, पुरे आता! नट दमलेत."

"दमू देत," आत्या म्हणाली आणि सगळा भार टाकून दोर ओढला. "लोक अजून उभे आहेत."