मामांची शिडी आणि छत्तीस हजार किलोमीटर

गच्चीवर काम करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. घरचे सगळे खाली टीव्हीसमोर बसलेले असतात आणि खरी गंमत वर चाललेली असते. मी म्हैसुरात डिश बसवतो, तेही हणमंतमामांच्या हाताखाली, म्हणजे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

मामा माझे कुणी लागत नाहीत, पण आमच्या दुकानात ते सगळ्यांचेच मामा. वय अडुसष्ट. हातात सिग्नल मोजायचं मीटर नाही, मोबाइलवर अ‍ॅप नाही. मालक प्रकाशण्णा त्यांच्या वयाला घाबरतात. काउंटरमागे त्यांनी मामांसाठी एक खुर्चीही आणून ठेवली होती. मामांनी त्यांना शब्द दिला, "ज्या दिवशी सिग्नल न घेता खाली उतरेन, त्या दिवशी शिडी जमा. मग बसतो तुमच्या खुर्चीत." तेव्हापासून मामा कुठेही चढले की माझा जीव टांगणीला.

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. म्हैसूर शहरात आमची एक सवय आहे. डिशचं तोंड आधी बेट्ट्याकडे, म्हणजे चामुंडी टेकडीकडे करायचं आणि मग बोटभर इकडेतिकडे सरकवायचं. शहरातून टेकडी आग्नेयेला आणि आमचा उपग्रहही त्याच अंगाला. मला वाटायचं, हा नियमच आहे. पहिल्यांदा एकटा वरुणा गावाला गेलो, भाताच्या खाचरांमधलं घर, मोकळं आकाश, आणि दोन तास झाले तरी सिग्नल शून्य. शेवटी मामांना फोन लावला.

"डिश कुठं बघते रे?"

"बेट्ट्याकडे, मामा."

मग मामा म्हणाले, "अरे, वरुणाला जाताना तू बेट्टा ओलांडून पलीकडं गेलास की. उपग्रह तुझ्यासंगं आला नाही."

टेकडीकडे पाठ केली आणि पाच मिनिटांत चित्र आलं. एवढी मोठी टेकडी माझ्या मागे गेली आणि वरचा तो मात्र जागचा हलला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा आकाशाची भीती वाटली, आदर वाटावा तशी.

देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याचं तीन मजली घर आहे. टीव्ही तळमजल्यावर आणि डिश गच्चीवर. टीव्हीसमोर शिंपी, पहिल्या मजल्यावर त्याची बायको, दुसऱ्यावर म्हातारे वडील. शिंपी ओरडायचा "बंतु", म्हणजे आलं. बायको वर पोचवायची. वडिलांना कमी ऐकू यायचं, ते आधी "एनु?", म्हणजे काय, असं विचारायचे. "बंतु" माझ्यापर्यंत पोचेतो मी डिश आणखी दोन बोटं फिरवलेली असायची आणि मागोमाग "होयतु", गेलं! असा अर्धा तास गेला. मामा जिन्यावर येऊन म्हणाले, "आवाज पूर्ण वाढवा आणि तुम्ही सगळे गप्प बसा. आलं का गेलं ते टीव्हीच सांगेल." पुढच्या मिनिटाला तळमजल्यावरून बातम्या गच्चीवर ऐकू आल्या. म्हाताऱ्यांनाही आल्या.

मामांचं निदान कधी कधी फोनवरच व्हायचं. एका मास्तरांची तक्रार होती, रोज सकाळी दहा ते बारा चित्र फुटतं. दुसऱ्या कुणीतरी त्यांचा बॉक्स बदलला होता, वायर बदलली होती. मामांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "डिशच्या पुढं वाळत काय घालता?"

मास्तर चिडले. "कांबळं घालतो. वडील आजारी आहेत, रोज धुवावं लागतं. त्याचा काय संबंध?"

"ओलं कांबळं त्याला आडवं येतं. दोरी दोन हात सरकवा."

मास्तरांनी दोरी सरकवली, पण त्यांचं समाधान होईना. संध्याकाळी ते स्वतः दुकानात आले. "छत्तीस हजार किलोमीटरवरून येतंय आणि कांबळ्याला अडतं?"

मामा म्हणाले, "सर, एवढ्या लांबून येतंय, दमलेलं असतं."

आम्ही हसलो. मास्तर मात्र हसले नाहीत. दाराबाहेर जाऊन थोडा वेळ वर बघत उभे राहिले. त्यांचं काय चाललं होतं ते मला अगदी कळलं.

आता बन्नूर गावचं सांगतो. त्या वर्षी दसरा लवकर आला होता. दसऱ्याच्या दिवशीच सकाळी फोन आला. नारळाची झावळी पडून डिश फिरली होती. घरात एक अज्जी. तिची नात दुपारी म्हैसूरच्या मिरवणुकीत ढोल वाजवणार होती आणि अज्जीला ते टीव्हीवर बघायचं होतं. म्हणजे उद्या येतो म्हणायची सोय नाही.

मीटर माझ्याकडे होतं, पण मी ते चार्ज करायला विसरलो होतो. डिशवरचे आकडे गंजून गेलेले, खांब कललेला. शेजारच्या डिश दुसऱ्या कंपनीच्या, त्यांचं बघून उपयोग नाही. मामांनी नऊपासून प्रयत्न केला. साडेदहाला ते थांबले, घाम पुसला. मी खालच्या पायरीवर उभा होतो. माझ्या चुकीने या माणसाची शिडी जाणार होती.

"फोन चालू ठेव," मामा म्हणाले. "प्रकाशचा फोन येईल." मला वाटलं, आता हार कळवणार. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मामांनी अज्जीकडून तांब्याभर पाणी मागितलं आणि डिशवर ओतलं. ओल्या डिशवर ऊन चमकलं. डिशपुढे दांडीवर तो छोटा डबा असतो ना, सिग्नल घेणारा, त्याच्या तोंडावर उजेडाचा ठिपका पडेल अशी त्यांनी डिश फिरवली. ऊन सरकलं की डिश सरकवायची आणि पुन्हा पाणी ओतायचं. अकराला पाच कमी असताना फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"अय्यो, मामा कुठंयत? दुकानात फोनवर फोन! ऐन दसऱ्याला लोकांचं चित्र गेलं!" प्रकाशण्णा ओरडत होते.

मामांनी डिशवरचा हात न काढता विचारलं, "सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं!"

मामांनी बोल्ट आवळला. "काही बिघडलं नाही. सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागं येऊन उभा राहिलाय, दसऱ्याच्या सुमाराला राहतो, आणि त्याच्या झोतात सिग्नल बुडतो. दहा मिनिटांत बाजूला होईल. आमची डिश मी सूर्याकडंच धरून ठेवलीय. त्यांचं गेलं, म्हणजे आमचं सापडलं."

अकरा वाजून दोन मिनिटांनी म्हैसूरचं चित्र परत आलं. त्याच मिनिटाला बन्नूरच्या त्या अज्जीचंही.