प्रोपेनशिवाय वाहिलेला प्रवाह

डॉ. भास्करराव सरांना मी प्रथम भेटले ते बीडच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तलवाड्याहून एसटीने आले होते, पीएच.डी.साठी मार्गदर्शक हवा होता. सरांनी गुणपत्रिका उघडलीच नाही. "काचेची भांडी नीट धुता येतात का?" एवढेच विचारले. मला तो अपमान वाटला.

विषय होता धातूच्या विद्युदग्रावर हायड्रोकार्बनचे ऑक्सिडीकरण. आम्लात प्लॅटिनमची तार बुडवायची, प्रोपेन वायू सोडायचा आणि किती विद्युतप्रवाह मिळतो ते मोजायचे. प्रोपेन सहजी दाद देत नाही. प्रवाह सूक्ष्मच मिळतो. दुसऱ्या वर्षी मला मात्र तो कितीतरी पट मिळू लागला. आमच्या दोघांच्या नावे शोधनिबंध गेला, स्वीकारलाही गेला. सरांची प्राध्यापकपदाची मुलाखत महिन्यावर आली होती आणि अर्जात तोच निबंध सर्वांत वर होता.

त्याच सुमारास मी प्रोपेन बंद ठेवून नुसत्या नायट्रोजनवर मोजणी केली. प्रवाह तेवढाच आला. भांडे लवकर वाळावे म्हणून मी ते अल्कोहोलने विसळत असे. त्याचाच अंश आत राहून ऑक्सिडीकृत होत होता. ही कोरी मोजणी आधीच करायला हवी होती. तिसऱ्या दिवशी आलेख सरांपुढे ठेवला.

"हे कुणी दाखवलं तुला?"

"कुणी नाही, सर. मीच करून पाहिलं."

"मग रडतीस कावून? चूक लई मोठी हाय, पण आपणच धरली ना."

त्यांनी माझ्यासमोरच संपादकांना पत्र लिहिले : निबंध मागे घेत आहे, कोरी मोजणी तपासण्याची जबाबदारी मार्गदर्शक म्हणून माझी होती. मुलाखतीतही त्यांनी ते आपणहून सांगितले. पद दुसऱ्याला मिळाले. सर सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. त्याचा उल्लेख त्यांनी माझ्यापाशी कधी केला नाही.

माझे काम दीड वर्ष लांबले. घरी लग्नाची घाई सुरू झाली, तेव्हा सर स्वतः तलवाड्याला आले. वडिलांना म्हणाले, "पाटील, पोरगी खरं बोलली म्हणून उशीर झालाय. तेवढं थांबा." वडील थांबले. खरा प्रवाह अगदी थोडा निघाला. प्रबंध त्यावरच मान्य झाला. आज मी रसायनशास्त्र शिकवते.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे आहेत. दर मंगळवारी विभागात येतात, नव्या संशोधकांच्या वह्या मागवून घेतात आणि चेहऱ्यावर काही न दाखवता वाचतात. त्यांचे गुडघे, नजर आणि लाल पेन शंभरी ओलांडेपर्यंत साथ देवोत. आमच्या वह्या तपासल्याशिवाय राहू नयेत, एवढा स्वार्थ या शुभेच्छेत आहे.