जावळाआधी फोटो नाही

"फोटो बतावो बेन, छोकरानो फोटो!" तळ्यावरचा वॉचमन ओरडत होता आणि माझ्या हातात नवऱ्याचा मोबाइल, मी बोटानं सरकवतेय, मगर, मगर, बगळे, तोंड उघडलेली मगर, परत मगर. माझा पोरगा कुठंच नाही. तीन वर्षांचा झाला तरी त्याचा एक फोटो नाही.

आमच्यात जावळ होईपर्यंत लेकराचा फोटो काढत नाहीत, नजर लागते म्हणतात. जावळ काढायचं ते गावी, कुलदेवीपुढंच, आणि नवऱ्याला कापडाच्या लूमवरून सुट्टी मिळेना, म्हणून राहत गेलं. केस खांद्याखाली आले. मी दोन वेण्या घालायचे. आम्ही राहतो तिथं डिंडोलीत शेजारच्या बाया चिडवायच्या, "काय गं, तुझी पोरगी शर्ट घालून कुठं निघाली?" पोरगाही हसायचा.

दिवाळीत लूम बंद, म्हणून कामरेजच्या पुढं एका तळ्यावर गेलो. तिथं जीपमधून जनावरं दाखवतात. मगर दिसली तशी जीप थांबली, सगळे खाली, सगळ्यांचे मोबाइल वर. नवरा म्हणाला, "बघ कशी पडलीय, आमच्या शेठसारखी, हलायचं नाव नाही." मी हसले. कडेवर तान्ही पोरगी, दुसऱ्या हातात पोराचं बोट. "इकडं ये, मोठं करून दाखवतो," म्हणाला. मी वाकले. सरळ झाले तर हात रिकामा.

"छोकरो के छोकरी?" वॉचमननं विचारलं.

"पोरगा, पोरगा! तीन वर्षांचा, पिवळा शर्ट!"

सगळे पोरगा शोधायला पळाले. जीपांमागं, संडासाकडं, गेटाकडं. वेण्या सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला तर तो रोज तसाच दिसायचा ना. फोटो असता तर लोकांनीच वेण्या पाहिल्या असत्या. मग एक होडीवाला आला, जरा थांबून म्हणाला, "लडका तो नहीं देखा, भाभी. एक लडकी गई थी उधर, पीछे से देखी, दो चोटीवाली. मुझे लगा किसी के साथ है."

नवरा पळाला. काठाला पाण्यावर हिरवी वेल एवढी दाट, की जमीनच वाटते. त्या वेलीखाली, पाण्यात सापडला. मगरीनं काही केलं नव्हतं. ती तिकडंच पडून होती, आणि पलीकडच्या जीपमधले लोक अजून तिचे फोटो काढत होते.

आता त्याचा चेहरा आठवायला मी डोळे मिटते, तर आधी वेलच दिसते.

तान्ही आता बसायला लागलीय. तिचेही केस कपाळावर येतात. सासू गावाहून आलीय आमच्याजवळ राहायला. काल मी नुसता मोबाइल उचलला तर अंगावर आली, "हिनं जावळ होऊ दे, मंग काढजो फोटू! एक गया, आते हाई बी दवाडशी का?" म्हणजे हिलाही घालवशील का. मग पदरात तोंड घालून रडली.

आत्ता ती देवळात गेलीय. पोरगी माझ्याकडं बघून हसतेय, मोबाइल माझ्या हातात आहे. काढला आणि हिला काही झालं तर? नाही काढला आणि हीपण कुठं हरवली तर? तुम्ही असता तर काय केलं असतं, सांगा ना?