घोडेगावचा फ्लेक्स आणि जर्मनीचा व्हिसा

"अर्जदार परत येणार नाही असं दिसतं. खुलासा द्या." व्हिसा ऑफिसरची ईमेल एवढीच होती. खाली फेसबुकवरून घेतलेला फोटो. घोडेगावच्या एसटी स्टँडसमोरचा भलामोठा फ्लेक्स, त्यावर कोट घातलेला माझा क्लायंट संतोष, मागे बर्फाचे डोंगर आणि मजकूर: 'जर्मनीत कायमचे स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' तळाला शुभेच्छुकांचे चेहरे, बहुतेक गॉगल लावलेले.

जुन्नरला माझं परदेशी व्हिसाचं ऑफिस आहे. संतोष शिनोलीचा, कांदा-लसणाची पावडर करतो. जर्मनीतला एक व्यापारी त्याचा वर्षाचा माल उचलणार होता, पण आधी समोरासमोर बोलायचं म्हणाला. म्हणून आम्ही बिझनेस व्हिसा मागितला. हा व्हिसा म्हणजे जा, काम करा, परत या. कायम राहायचं तर तिकडची नोकरी लागते किंवा धंद्यात मोठी गुंतवणूक, आणि त्याची फाइलच वेगळी. आमची सगळी फाइल 'मी परत येणार' या एका वाक्यावर उभी होती.

संतोषला बोलावलं. सोबत त्याचे होणारे सासरे बाळासाहेबही आले. फ्लेक्स त्यांनीच लावला होता.

"आजच्या आज उतरवा," मी म्हणाले.

"कसा उतरवनार, मॅडम? सरपंचांचा फोटो हाय त्याच्यावर. आन् खोटं काय त्यात? पोरगी जर्मनीला ऱ्हानार म्हनून तर सोयरीक केली."

"मामा, मी कवा म्हनलो कायमचं?" संतोष म्हणाला.

"नाय तरी कवा म्हनला, पावणं?"

"मुलीला विचारलंत का?" मी विचारलं.

"तिला काय इचारायचं?"

माझं डोकंच फिरलं. या माणसाला जावई नको होता, परदेशातला पत्ता हवा होता.

शेवटी मी खुलासा लिहिला: आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे पुरावा नव्हे, हौस. आधार म्हणून तालुकाभर फिरून फोटो काढले. ग्रामपंचायतीला पडलेले 'भावी आमदार'. पहिला वाढदिवस असलेलं 'युवा नेतृत्व'. शर्यतीच्या बैलाला 'आमचे प्रेरणास्थान'. इंग्रजीत भाषांतर करताना मलाच कानकोंडं झालं. सोबत संतोषच्या कारखान्याची आणि कामगारांची सगळी कागदपत्रं जोडली.

व्हिसा मिळाला. पंधरा दिवसांचा.

संतोष पेढे घेऊन आला, सोबत होणारे सासरेही. बाळासाहेबांनी पासपोर्ट उघडून दोनदा पाहिला. "पंदरा दिस? एवड्यात काय स्थायिक व्हनार?" सोयरीक तिथंच माझ्या टेबलावर मोडली. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

संतोष गेला, ऑर्डर घेऊन परतही आला. पुढे बाळासाहेब एका नव्या मुलाला घेऊन माझ्याकडे हजर. "मॅडम, ह्याचं तरी कायमचं व्हतंय का, तेवडं बगा."

तेव्हापासून नवीन क्लायंटकडे मी पासपोर्ट नंतर मागते. आधी विचारते, लग्न ठरलंय का, आणि सासऱ्यांना काय सांगितलंय?